आईंच्या खुर्चीतून काय दिसतं?

साताऱ्याहून, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडच्या भागातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ५४, आईंचं ७९. दिवाळीनंतर आई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून त्या चार पावलं चालतात, पण दिवसाचा बहुतेक वेळ तळमजल्यावरच्या खोलीत, पश्चिमेकडच्या खिडकीशी खुर्चीत जातो. खिडकीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत १४ फूट जागा आहे. तिथे आज नुसता मुरूम आणि बांधकामातून उरलेल्या विटांचा ढीग आहे. आईंना घरबसल्या फुललेलं झाड दिसावं, अशी या वाचकांची इच्छा आहे. त्यांच्या मनात गुलमोहर आहे, पत्नीला पारिजातक हवा आहे. धाकटे भाऊ म्हणतात की झाडच नको. मुळं पाया फोडतील, कचरा होईल, साप येतील. नर्सरीत १० फुटी तयार झाड मिळतं, ते आणावं का, असंही त्यांनी विचारलं आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात, “झाड फुलायला पाच-सात वर्षं लागतील म्हणतात. तोवर आई असेल का? नसेल, तर हा खटाटोप कशासाठी, असं रात्री मनात येतं. आईला झाडांची फार आवड. वाईजवळ तिच्या माहेरच्या गावी देवळापाशी पांढऱ्या चाफ्याचं झाड आहे, त्याबद्दल ती अजून बोलते.”

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात गुलमोहर आहे, पारिजातक आहे, भावाचं म्हणणं आहे, तुमची काळजी आहे. पण आईंना काय हवं आहे, हे कुठे सापडलं नाही. त्यांना विचारलंत का? “आई, इथे झाड लावू का?” असं नाही, त्याला कुठलीही आई “लाव की” म्हणेल. दुपारी शेजारी खुर्ची टाकून बसा आणि विचारा, “इथून तुला काय बघायला आवडतं?”

हे मी अनुभवावरून सांगते आहे. माझी आई शेवटची काही वर्षं अशीच खिडकीशी बसायची. तिच्यासाठी म्हणून मी खिडकीसमोर बकुळ लावली. बकुळ मला अतिशय प्रिय, फूल सुकलं तरी वास जात नाही. पण बकुळ सदाहरित आणि दाट. वाढत गेली तशी तिने खिडकी भरून टाकली. एकदा आई सहज म्हणाली, “झाड छान आहे गं, पण आता पोस्टमन दिसत नाही.” तिचा सगळा दिवस त्या रस्त्यावर बांधलेला होता. दूधवाला, शाळेला जाणारी पोरं, समोरच्या घरातलं वाळवण. ते मी झाकून टाकलं होतं, आणि मला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस ती बोलली नव्हती. आम्ही बकुळीच्या खालच्या फांद्या काढल्या, थोडं बरं झालं. पण तो सल माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून आधी आईंना विचारा.

आता झाडाकडे येऊ. घरातून बघायचं झाड आणि अंगणात उभं राहून बघायचं झाड यांत मोठा फरक असतो, आणि झाड निवडताना तो आपल्या लक्षातच येत नाही. आपण रस्त्यावर, लांबून, उभ्याने झाड पाहिलेलं असतं. खुर्चीतल्या माणसाला मात्र खिडकीच्या चौकटीत मावेल तेवढंच दिसतं.

तुमच्या घराची मापं माझ्याकडे नाहीत, म्हणून साधारण घर धरते. जोतं २ फूट, खिडकीचा कट्टा फरशीपासून ३ फुटांवर, चौकटीची वरची कड ७ फुटांवर, बाहेर २ फुटांचा छज्जा. खुर्ची खिडकीपासून ३ फूट आत. बसलेल्या माणसाचे डोळे फरशीपासून साधारण पावणेचार फुटांवर येतात. या मापांनी हिशेब केला, तर खिडकीपासून ९ फुटांवर लावलेल्या झाडाचा अंगणापासून सुमारे ३ फूट ते १३ फूट एवढाच पट्टा आईंना दिसेल. वरचं सगळं छज्जा खाणार, खालचं सगळं कट्टा खाणार.

गुलमोहर या हिशेबात बसवून बघा. पाच-सहा वर्षांत तो छपराच्या वर जातो आणि छत्रीसारखा पसरतो. फुलं त्या छत्रीच्या माथ्यावर. आईंना दिसेल ते खोड आणि पानांची खालची बाजू. बहर दिसेल तो मागच्या बंगल्यातल्या वरच्या मजल्यावरच्यांना. सत्यभामेच्या अंगणातला पारिजातक आणि रुक्मिणीच्या दारात पडणारी फुलं, ही गोष्ट आपल्याकडे उगाच सांगत नाहीत.

गुलमोहराबद्दल तुम्हाला जे वाटतं, ते मला कळतं. १ मे हा गुलमोहर दिवस म्हणून साजरा करणारं आपलं सातारा. मादागास्करहून आलेलं हे झाड साताऱ्याच्या उन्हाळ्याचंच होऊन गेलं आहे. पण ते रस्त्याचं, मैदानाचं झाड आहे. मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, वळवाच्या पहिल्या वादळात फांद्या मोडतात. १४ फुटांच्या जागेत, म्हाताऱ्या माणसाच्या खिडकीशी तो लावू नका. मे महिन्यात संध्याकाळी आईंना गाडीत पुढच्या सीटवर बसवा आणि लाल झालेल्या रस्त्यांवरून सावकाश एक फेरी मारून आणा. गुलमोहर तिथून पोटभर दिसतो.

पारिजातकाचं सौंदर्य झाडावर कमी आणि झाडाखाली जास्त. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात, बघायचा तो जमिनीवरचा सडा. वरच्याच मापांनी आईंना जमीन दिसायला सुरुवात होते ती खिडकीपासून २० फुटांवर, आणि तुमची भिंत आहे १४ फुटांवर. म्हणजे सडा पडूनही आईंना तो दिसायचा नाही. तरी तुमच्या पत्नीचं म्हणणं सोडून देऊ नका. पारिजातक पुढच्या दारी, ओट्याजवळ लावा. झाड आटोपशीर राहतं, चांगलं रोप दोन-तीन वर्षांत फुलतं, पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत बहर असतो. सकाळी परडीभर फुलं वेचून आईंच्या मांडीवर द्यायची. वॉकरवर ओट्यापर्यंत यायला त्यांना एक कारणही मिळेल, आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर चार पावलं जास्त चालण्याचं मोल मी तुम्हाला सांगायला नको.

हे माझं कागदावरचं गणित झालं. तुम्ही प्रत्यक्ष करून बघा. वेळूची एक लांब काठी घ्या, तिच्यावर दर फुटाला चुन्याची रेघ ओढा. आई नेहमीच्या जागी बसलेल्या असताना मुलाला काठी घेऊन बाहेर उभं करा. कितव्या रेघेपासून कितव्या रेघेपर्यंत दिसतं, ते आईंना मोजायला सांगा. मग काठी डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे हलवा. अर्ध्या तासाचं काम आहे. ज्यांच्या घरी कोणी ना कोणी खिडकीशी बसून असतं, त्या सगळ्यांनी खड्डा खणण्याआधी हे करावं. पलंगावर झोपून असणाऱ्या माणसाचं उलटं असतं. नजर खालून वर जाते, म्हणून त्यांना उंच झाडाची लोंबती फुलं दिसतात. तिथे बहावा लावावा, कारण त्याची झुंबरं फांदीखाली लोंबतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं आणखी वेगळं. त्यांना झाडाचा माथाच समोर येतो, म्हणून खाली मोकळी जागा असेल तर तामण लावावं. आपलं राज्यफूल, एप्रिल-मेमध्ये जांभळे तुरे. त्याला पाणी मानवतं, आणि जागाही भरपूर लागते.

आता तुमची खिडकी. पश्चिमेची आहे, हे एका अर्थी भाग्याचं. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी बघितलं तर सूर्य झाडामागे असतो आणि फुलं काळपट दिसतात. तुमच्याकडे सकाळी सूर्य घराच्या पाठीशी असेल. घराची सावली जसजशी उतरेल, तसं आधी शेंड्यावर आणि मग खालच्या फांद्यांवर ऊन येत जाईल, आणि फुलं पूर्ण उजेडात दिसतील. आईंच्या चहाच्या वेळी. दुपारनंतर मात्र हीच खिडकी तापते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि मग काही आठवडे उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणून उन्हाळ्यातली तिरपी उन्हं खिडकीकडे तोंड करून बसलं की समोरून आणि थोडी उजवीकडून येतात. थंडीत मावळतीचं ऊन डावीकडून येतं, आणि ते ऊन म्हाताऱ्या माणसाला हवं असतं. तेव्हा झाड खिडकीच्या बरोबर मध्ये लावू नका. उजवीकडे सरकवून लावा. उन्हाळ्यात सावली मिळेल, थंडीत ऊन येईल, आणि डावीकडची नजर मोकळी राहील. आमच्या घरी बकुळीने जे झाकलं, ते तुमच्याकडे झाकलं जाणार नाही.

कोणतं झाड? तीन ते तेरा फुटांत फुलणारं, उन्हाळ्यात पानं असणारं, थंडीत पानं गाळणारं, लवकर फुलणारं. हे सगळं वर्णन ज्याला लागू पडतं, त्याचं नाव तुम्ही स्वतःच पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहून गेला आहात. पांढरा चाफा. खुरचाफा, देवचाफा म्हणतात तोच.

चाफ्याची फुलं फांदीच्या टोकाला येतात आणि झाड बुटकं, पसरट असतं, त्यामुळे गुच्छ नेमके नजरेच्या उंचीवर असतात. थंडीत तो निष्पर्ण होतो. त्याच्या जाड, वाकड्यातिकड्या फांद्या तेव्हाही बघाव्याशा वाटतात. उन्हाळा लागला की फुलं सुरू होतात आणि पुढे काही महिने येत राहतात. वास संध्याकाळनंतर गडद होतो. त्या वासाने रात्री पतंग येतात, पण फुलात मध नसतो. बिचारे मधाच्या आशेने या फुलावरून त्या फुलावर फिरतात आणि परागीभवन होऊन जातं. आईंना रात्री झोप येत नसेल तर उघड्या खिडकीशी तो वास येत राहील.

आणि तुमच्या त्या रात्रीच्या प्रश्नाचं एक साधं, बागकामातलं उत्तर चाफ्यातच आहे. बियांपासून झालेल्या रोपाला वयात यायला वर्षं लागतात. पण फुलणाऱ्या झाडाची फांदी लावली, तर ती फांदी आधीच वयात आलेली असते. बालपण तिला पुन्हा काढावं लागत नाही. जुन्या चाफ्याची हातभर ते दोन हात लांब, अंगठ्याहून जाड फांदी रुजली की बहुतेक पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच फुलते. तीन फुटांची फांदी फूटभर उंचवट्यावर लावली, तर पहिल्या दिवसापासून ती आईंच्या खिडकीत दिसेल. पाच-सात वर्षांचा हिशेब तुम्ही ज्या झाडांचा ऐकलात, ती झाडं वेगळी.

“आई असेल का” याचं उत्तर मी देऊ शकत नाही, कोणीच देऊ शकत नाही. पण त्या वाक्यात एक गृहीत धरलेलं आहे, की झाडाचा आनंद फूल आल्यावर सुरू होतो. तुमच्या आईंना झाडांची आवड आहे, म्हणजे त्यांना हे तुमच्या-माझ्याहून जास्त माहीत असणार. काडीला हिरवा डोळा फुटला का, आज पान उलगडलं का, कोणता पक्षी येऊन बसला, कुंडीला पाणी जास्त झालं का. खिडकीशी बसलेल्या माणसाच्या दिवसाला एवढ्या गोष्टी मिळणं फार मोठं आहे. आणि याच वर्षीची फुलंही त्यांना मिळू द्या. कट्ट्याच्या उंचीला लोखंडी घोडी ठेवून कुंड्या मांडा. मोगरा आत्ताच आणा, उन्हाळाभर फुलेल. खिडकीच्या गजांवर गोकर्ण चढवा. गुलबक्षी संध्याकाळी उमलते, ती डोळ्यांदेखत उमलताना बघायला मिळते. पावसाच्या सुरुवातीला झेंडू पेरला तर गणपती-दसऱ्याला फुलं हाताशी.

दहा फुटी तयार झाड घेऊ नका. मोठ्या पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या झाडाची मुळं गोल गोल गुंडाळलेली असतात. जमिनीत गेल्यावर ते वर्ष-दोन वर्षं रुसून बसतं, आणि तीन-चार फुटांचं निरोगी रोप त्याला मागे टाकून जातं. वाऱ्याला मोठं झाड टेकूशिवाय तग धरत नाही, आणि तुमच्या बाजूला डोंगरावरून येणारा वारा काय असतो, ते तुम्ही जाणताच.

भावाच्या शंका खोट्या नाहीत, त्या झटकू नका. मुळं धडधाकट पाया फोडत नाहीत; आधीच असलेल्या भेगेत, गळक्या पाइपाकडे ती ओलाव्याच्या मागे जातात. भिंती खरोखर फोडतात ते वड, पिंपळ, उंबर. चाफ्याची मुळं तशी नाहीत. ८-९ फुटांचं अंतर पुरेसं आहे, फक्त सेप्टिक टँक आणि ड्रेनेजची लाइन कुठून गेली आहे ते आधी बघा. सापाचं म्हणाल तर तो चाफ्याच्या वासाने येत नाही, उंदरांच्या मागे येतो. तो विटांचा ढीग या आठवड्यात हलवा. कचऱ्याबद्दल विचारते: रोज झाडतं कोण? भाऊ, की तुमच्या पत्नी? ज्याच्या हातात झाडू, त्याचं मत या बाबतीत जड. गुलमोहराची बारीक पानं पन्हळी आणि गटारं तुंबवतात. चाफ्याची पानं मोठी, लांब, उचलायला सोपी, आणि गळतात ती ठरावीक दिवसांत.

एक गोष्ट मात्र भावाच्या बाजूने सांगते. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. उद्या झाड अडचणीचं झालं तर आपल्याच अंगणातलं असूनही ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून वाद आहे तो आत्ताच, काठी हातात घेऊन मिटवा.

सांगलीकडच्या वाचकांसाठी थोडं वेगळं. कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते. चाफा असो की सोनचाफा, मुळांशी पाणी साचलं की कुजतात. खड्ड्यात लावण्याऐवजी दीड-दोन फुटांचा उंचवटा करून त्यावर लावा, मातीत वाळू आणि मुरूम मिसळा. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या अंगणात पुराचं पाणी आलं, त्यांनी चाफ्याच्या नादी लागू नये. तामण किंवा कदंब ओल सहन करतात, पण त्यांना घरापासून २० फूट तरी लांब जागा द्या, कारण काळी माती वाळताना आकसते आणि मोठं झाड तिला आणखी कोरडी करतं. तेवढी जागा नसेल तर कांचन. दोन-तीन वर्षांत फुलतो, ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळालेल्या फांद्यांवर फुलांची गर्दी होते, शिंजीर पक्षी दिवसभर येत राहतात. बहर संपल्यावर छाटला की बुटका राहतो. पाणी मात्र त्याच्याही बुंध्याशी साचू देऊ नका.

तुमच्याकडे मुरूम आहे, चाफ्याला तो चांगला. तरी दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन अर्धा मुरूम, अर्धी माती, दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड घाला. फांदी आत्ताच, नवी पालवी फुटण्याआधी आणायची. कापल्यावर पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात धुवा. फांदी आठ-दहा दिवस सावलीत उभी ठेवा, चीक वाळून टोक कोरडं झाल्याशिवाय मातीत खुपसू नका. बहुतेकांची फांदी कुजते ती याच घाईने. मग कुंडीत लावा, माती जेमतेम ओलसर ठेवा. पालवी फुटून मुळं धरली की मृगाचे एक-दोन पाऊस झाल्यावर जमिनीत. पावसाळ्यात पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसली तर घाबरू नका, तांबेरा नावाचा बुरशीचा रोग आहे. ती पानं गोळा करून लांब टाका. पहिले दोन उन्हाळे बुंध्याशी पालापाचोळा पसरा आणि चार-पाच दिवसांनी पाणी द्या.

शेजारीपाजारी कोणी म्हणेल, चाफा देवळात शोभतो, घरी नको. त्यावर निर्णय आईंचा. त्या देवळाच्याच चाफ्याखाली खेळल्या आहेत.

डॉक्टरांना विचारा, तासाभराचा प्रवास चालेल का. चालत असेल तर एका रविवारी सकाळी, ऊन व्हायच्या आत, आईंना घेऊन त्यांच्या माहेरी जा. देवळाच्या पुजाऱ्यांना किंवा गावातल्या जाणत्यांना आधी फोन करून फांदीची परवानगी घ्या. गाडी झाडाजवळ उभी करा, आईंच्या बाजूची काच खाली करा, आणि कोणती फांदी कापायची, ते त्यांनाच बोट दाखवून सांगू द्या.